काळ्या कुत्र्याची बोली

माझ्या फाटकावरून जाणारा माणूस आधी कुत्र्याकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मग विचारतो, "कोणत्या जातीचं आहे हो?" वय विचारत नाही, चावतं का हेसुद्धा विचारत नाही. जात कळली की बाकीचं आपोआप कळतं असा त्याचा पक्का समज असतो. पूर्वी मी सरळ सांगायची, "रॉटवायलर." ते ऐकून माणूस दोन पावलं मागं सरकायचा आणि मोबाइलवर बघितलेला कुठला तरी व्हिडिओ मला सांगत बसायचा. आता मी सांगते, "चिडकं आहे, माझ्यासारखं." पटलं तर थांबा, नाहीतर रस्ता मोकळा आहे.

मी लातूरजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. राहते लातुरात, दालमिलच्या मागच्या छोट्या कॉलनीत, शेवटच्या घरात. लग्न केलं नाही, आणि त्यावर कुणी बोललेलं मला चालत नाही. माझ्या वरच्या मजल्यावर क्लासमध्ये शिकवणारे एक सर भाड्यानं राहायचे. त्यांनी हौसेनं हे कुत्रं पिल्लू असताना आणलं, त्याच्यासोबत फोटो काढले, आणि दोन वर्षांनी दुसऱ्या शहरात चांगली नोकरी लागल्यावर माझ्या ओट्यावर आणून बांधलं. "मॅडम, फक्त पंधरा दिवस." त्या पंधरा दिवसांना आता तीन वर्षं होत आली. सरांचा फोन लागत नाही. बरंच आहे, लागला असता तर मी काय काय बोलले असते देव जाणे.

हे कुत्रं म्हणजे गरीब गाय आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. खेळत नाही. चेंडू टाकला की आधी चेंडूकडे बघतं, मग माझ्याकडे, म्हणजे जा आणि घेऊन ये. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली घुसतं, मावत नाही, मग अर्धं बाहेर ठेवून पडून राहतं. केरसुणीशी त्याचं हाडवैर. गॅसची टाकी आणणारा आला की गुरगुरतं, म्हणून तो यायचा असला की मी त्याला आतल्या खोलीत कोंडते. वजन पंचेचाळीस किलो, जबडा हा एवढा. त्याच्या हातून चूक झालीच तर ती लहान होणार नाही, हे मला कळतं. म्हणून बाहेर नेताना पट्टा, आणि गर्दी असली तर तोंडाला जाळी. एवढं त्याला जातीनं दिलंय, ते मी मान्य करते. पण जबडा मोठा म्हणजे मन खुनशी, हे कुणी शिकवलं? पंचवीस वर्षं मी पहिलीच्या वर्गात काढली. ह्याचा भाऊ द्वाड होता म्हणून हाही द्वाडच निघणार, असं ठरवून कुणी लेकरू माझ्यापुढं आणून बसवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आई गेल्यावर अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी देगलूरकडच्या आमच्या गावाहून लातूरला घेऊन आले. वय ऐंशीच्या पुढं, गुडघे गेलेले, पण नजर शाबूत. त्या भागात अप्पा जनावरांचे पारखी म्हणून माहीत होते. देवणी असो की लाल कंधारी, बैल घ्यायचा म्हटलं की माणसं अप्पांना सोबत घेऊन बाजाराला जायची. कपाळावरचा भोवरा, खूर, दात, शेपटाचा गोंडा, सगळं बघून अप्पा नुसती मान हलवायचे आणि सौदा व्हायचा किंवा मोडायचा. असा हा माणूस माझ्या फाटकातून आत आला, काठी टेकत कुत्र्याभोवती एक चक्कर मारली, आणि म्हणाला, "ह्याची छाती बघ, मान बघ. हे राखणीचं न्हाई, फाडायचं जनावर हाय. पैदासच तशी हाय. काय पाळून राहिली तू हे?"

"तीन वर्षं झाली अप्पा. कुणाला फाडलं नाही त्यानं."

"रक्त हाय ते. आज न्हाई तर उद्या बोलंल."

अप्पांनी त्याला एकदाही हात लावला नाही. त्यांच्या समाधानासाठी मी शाळेत जाताना त्याला आतल्या दाराशी साखळीनं बांधून जायला लागले. अप्पांनी साखळीची लांबी काठीनं मोजून घेतली आणि आपली खुर्ची तिच्यापलीकडे वीतभर लांब ठेवली. दिवसभर दोघं समोरासमोर. मी संध्याकाळी आले की अप्पा म्हणायचे, "हाय अजून, मेलो न्हाई."

उन्हाळ्याच्या तोंडावर एका गुरुवारी मी शाळेतून आले तर गल्लीत ही गर्दी. माझ्या समोरच्या घरातल्या आजींच्या पाच वर्षांच्या नातीला कुत्रं चावलं होतं. तळहातावर दात उमटलेले. तिच्या बापानं तिला मोटारसायकलवर दवाखान्यात नेऊन सुया देऊन आणलं होतं. पोर दुपारी बिस्किटाचा पुडा घेऊन गल्लीत एकटीच हिंडत होती आणि रडत घरी आली. आजींनी विचारलं, "काळ्यानं चावलं का गं?" म्हणजे माझ्याच कुत्र्यानं, गल्लीत त्याला सगळे काळंच म्हणतात. पोरीनं मान हलवली. झालं, निकाल लागला.

मला गाडीसुद्धा नीट लावू दिली नाही. सगळ्यांच्या पुढं कॉलनीचे अध्यक्ष. त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, आणि घरी नऊ-दहा वर्षांचं पिवळसर लॅब्रॅडॉर आहे, ज्याच्या पाठीवर बसून गल्लीतली निम्मी पोरं मोठी झाली. "कुत्रं पाळायचं तर असं पाळावं," हे वाक्य त्यांच्या तोंडून मी वीसदा तरी ऐकलंय. ते म्हणाले, "मॅडम, आता बास झालं. रविवारी दहा वाजता मंदिरापुढं मीटिंग. सगळ्यांच्या सह्या घेऊन महापालिकेला अर्ज देतो. हे कुत्रं कॉलनीत राहणार नाही."

मी म्हटलं, "अहो, रडणाऱ्या लेकराला काळ्यानं का असं विचारलं तर ते हो म्हणणारच. निळ्यानं का विचारलं असतं तरी हो म्हटलं असतं. मी रोज तीस लेकरांना विचारते, वही कुणी फाडली म्हणून. मला माहीत आहे ती कशी माना हलवतात." कुणी ऐकतंय होय! एक बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही शिक्षिका असून कुत्र्याची बाजू घेता, लेकराची नाही." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, रागानं. ज्यानं चावलं ते पिसाळलेलं नाही ना हे कळायला त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, हे दवाखान्यातसुद्धा सांगितलं होतं. मग खरा चावरा शोधणं ही लेकराची बाजू, की जो दिसायला चावरा आहे त्याला हाकलणं ही? मी हे ओरडून विचारलं. रविवारची वेळ तेवढी परत सांगितली गेली.

घरात आले. अप्पा खुर्चीत, कुत्रं साखळीला, दोघंही जागच्या जागी.

"अप्पा, हे आज सुटलं होतं का?"

"न्हाई."

"फाटक उघडं होतं? कुणी आत आलं होतं?"

"न्हाई म्हणलं ना. जेवल्यापासून हितंच पडेल हाय. हाललं बी न्हाई."

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, "मग रविवारी मीटिंगमध्ये एवढंच सांगा."

अप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. "म्या न्हाई येणार."

"कामून?"

"जाऊन राहिलं तर जाऊ दे. आज ह्यानं न्हाई चावलं, उद्या चावंल. मी काय जल्माला पुरणार हाय का? मी गेल्यावर तू एकली राहशील ह्या राक्षसाजवळ. त्या इचारानं मला झोप लागंना."

जगात एकच साक्षीदार, तो माझा जन्मदाता, आणि तोही फितूर. मला हसावं की डोकं आपटावं कळेना. महापालिकेनं उचलून नेलं तर पाच वर्षांचं रॉटवायलर कुणी घरी नेणार नव्हतं. पिंजऱ्यात अंग टाकून मेलं असतं ते. हे मी अप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि चहा मागितला.

शुक्रवार असाच गेला. शनिवारी सकाळी भाकरी थापता थापता माझा बांध फुटला. हाताला पीठ तसंच ठेवून मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"अप्पा, आयुष्यात एक तरी बैल तुम्ही नुसत्या जातीवर घेतला का?"

"म्हंजी?"

"देवणी आहे, कपाळ चांगलं आहे, धरा दोर आणि चला, असं कधी केलंत? नाही ना? बोली घ्यायचात."

बोली म्हणजे काय ते आमच्याकडच्या बाजारात ज्यानं उभा दिवस काढलाय त्याला सांगावं लागत नाही. बैल कितीही देखणा असो, सौदा ठरला की विकणारा त्याच्या पाठीवर हात ठेवून चार माणसांपुढं बोलायचा. मारकं न्हाई, जूं ठेवल्यावर खाली बसत न्हाई, बुजत न्हाई. आठ दिवसांत खोड निघाली तर जनावर माघारी घेईन. आणि असली खोड तर ती आधीच सांगायचा, तेवढी धरून सौदा व्हायचा. कागद नाही, सही नाही, जबान. खोटी बोली देणाऱ्याच्या दावणीला पुढच्या बाजारी कुणी फिरकत नसे. लहानपणी अप्पांच्या खांद्यावर बसून मी हे कितीदा तरी ऐकलं होतं.

"रक्तावर एवढा भरवसा होता तर बोली कशाला घ्यायचात?" मी विचारलं. "आपल्याच गोठ्यात एका गायीचे दोन गोऱ्हे होते. एक माझ्या हातून गूळ खायचा. दुसऱ्यानं गड्याला शिंगावर घेतलं. रक्त एकच होतं ना?"

अप्पांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "दुसऱ्याला म्या लई लवकर जुंपलं. खांदा सुजला होता त्याचा. माझी चुकी होती ती."

"मग रक्ताची नव्हती म्हणजे."

"तू लई बोलतीस," असं म्हणून अप्पा काठी घेऊन उठले आणि मोरीकडे गेले. तव्यावरची भाकरी करपली होती, तीच मी खाल्ली.

रविवारी मी कुत्र्याला खोलीत कोंडलं आणि एकटीच मंदिरापुढं गेले. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. एकीकडे पुरुष, एकीकडे बायका, मधे टेबलावर अर्ज. अध्यक्षांनी वाचून दाखवला. "धोकादायक जातीचा कुत्रा" हे शब्द त्यात तीनदा होते, त्या पोरीचा हात एकदा. मी उठून म्हटलं, "माझं कुत्रं त्या वेळी घरात बांधलेलं होतं." अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही तर शाळेत होता मॅडम. पुरावा काय?" पुरावा घरात खुर्चीवर बसला होता आणि येणार नव्हता.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. अप्पा. डोक्याला रुमाल, बाजाराला जाताना बांधायचे तसा. कुणीतरी खुर्ची पुढं केली, ते बसले नाहीत.

"ते काळं मला आवडत न्हाई," अप्पा म्हणाले. अध्यक्षांचा चेहरा उजळला. "मला त्याचा इश्वास न्हाई. पोरगी शाळंत गेली की मी त्याच्यावरची नजर काढत न्हाई. डोळा लागंल म्हणून दुपारी आडवा बी होत न्हाई. गुरुवारी जेवल्यापासून पोरगी येस्तोवर ते माझ्या म्होरं पडेल होतं. मी त्याला भितो. भिणाऱ्याइतकी राखण कुणी करत न्हाई. लेकराला चावलं ते हे नव्हतं."

खुर्च्यांमधून कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले, "आजोबा, वय झालंय तुमचं. डुलकी लागली असेल. आणि समजा या वेळी नसेल चावलं, तरी जात तीच ना?"

अप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आयुष्यभर ज्याच्या नजरेवर माणसांनी सौदे केले त्याला हा माणूस डुलकी सांगत होता. अप्पांनी काठी टेबलावर आपटली. "मग बोली घ्या! पोरीनं तिच्या जनावराची बोली द्यावी. आन् ज्याच्या ज्याच्या घरी कुत्रं हाय त्यानं आपापल्या जनावराची द्यावी. जात सांगायची न्हाई. खोड सांगायची. देवापुढं उभे हायेत सगळे, खोटं बोलू नका."

निम्म्या माणसांची गावं आमच्यासारखीच, बोली त्यांना माहीत होती. एक-दोघं म्हणाले, बरोबर आहे आजोबांचं. मी लगेच उठले आणि सांगितलं, "माझं टाकीवाल्यावर गुरगुरतं, केरसुणीवर धावून जातं, फटाक्यांना घाबरतं. ही त्याची खोड. माणसाला आजवर दात लावला नाही. लावला तर मी जबाबदार, तुमचा अर्ज मीच लिहीन." मग कोपऱ्यातल्या घरातले पोमेरियनवाले उठले आणि ओशाळून म्हणाले, "आमचं घोटे धरतं." सगळे हसले. पाच जणांचे मोजे फाडलेत त्या पांढऱ्या गोळ्यानं, पण अर्ज कधी कुणी केला नाही. मग अध्यक्ष स्वतः उठले, शर्ट खाली ओढला आणि म्हणाले, "आमच्या लॅब्रॅडॉरची बोली काय द्यायची, सगळ्यांना माहीतच आहे. तरी देतो."

"तुम्ही देऊ नका," बायकांच्या बाजूनं आवाज आला.

त्यांची बायको उभी होती. पदर दोन्ही हातांत घट्ट धरलेला. "पोरीनं गुरुवारी आपल्याच फाटकातून हात आत घातला, बिस्कीट द्यायला. मी खिडकीतून बघितलं, तो आपल्या कुत्र्याच्या कानाला लागला. मी बाहेर आले तर रक्त होतं आणि पोर पळालेली. मी कुत्र्याला आत घेतलं. बाहेर सगळे काळं काळं म्हणून ओरडत होते. माझी जीभच उचलली नाही. तुम्हालाही मी सांगितलं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, दोन महिने झाले त्याचा कान वाहतोय. हात लावू देत नाही. लॅब आहे, एवढ्यानं काय होतंय, म्हणून आम्ही डॉक्टरला दाखवलंच नाही."

अध्यक्ष उभेच राहिले. आणि मग जे झालं त्यानं मला जास्त संताप आला. दोन मिनिटांत, अक्षरशः दोन मिनिटांत, त्याच माणसांनी त्याच अर्जावरचा एक शब्द खोडून दुसरा लिहायला सांगितला. म्हातारं झालंय ते. पिसाळलं असेल. कुठं तरी उदगीर रोडला सोडून या. ज्याच्या पाठीवर बसून यांची पोरं वाढली त्याच्याबद्दल हे बोलणं. खरं सांगते, क्षणभर मला गोड वाटलं. तीन दिवस जळत होते, आता यांचाही जीव जळू दे. बोलायला म्हणून मी पुढं गेले, आणि टेबलावरचा अर्ज उचलून टराटरा फाडला.

"ह्यालाही कुठं पाठवायचं नाही," मी म्हणाले. "दहा दिवस बांधून नजर ठेवायची. उद्याच्या उद्या कान दाखवायचा. मी येते सोबत. दुखणारं जनावर आहे ते, त्यानं दुखतंय म्हणून सांगितलं. कुणी ऐकलं नाही, म्हणून दातानं सांगितलं."

माझ्या समोरच्या आजी तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. नात त्यांच्या मांडीवर बसली होती, पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून. "काळं न्हाई, पिवळं बी न्हाई. मग माझ्या लेकराच्या हाताचा जाब मी कुणाला इचारायचा बाई?"

आणि तिथं मला सोमवार आठवला. चावलं त्याच्या आधीचा सोमवार. शाळेतून येताना मी अध्यक्षांच्या फाटकाशी थांबले होते, गजांतून हात घालून त्या म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरचं डोकं खाजवायला गेले होते. त्यानं ओठ वर करून मला दात दाखवला आणि घशातून गुरगुरलं. मी हसले होते. "अरे, लॅब्रॅडॉर ना तू? तू काय चावतोस!" असं म्हणून गाडीला किक मारून घरी आले होते. कुणाला बोलले नाही. माझ्या काळ्यानं तसा दात दाखवला असता तर मी त्याच घडीला दारोदार जाऊन सांगितलं असतं, लेकरांना लांब ठेवा म्हणून.

"मला विचारा जाब," मी आजींना म्हणाले, आणि सोमवारचं सगळं चारचौघांत सांगितलं. मी त्या पोरीपुढं खाली बसले. माझं चुकलं, हे दोन शब्द मी पंचवीस वर्षं लेकरांकडून वदवून घेत आले. लेकराला ते म्हणायची माझी पहिलीच वेळ होती.